दुभाषीबाईंचं ‘हो’

डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, “गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही सुखी होतात का?”

दुभाषीबाईंनी प्रश्न म्हाताऱ्या सुताराच्या भाषेत सांगितला. ती त्यांच्या आईची भाषा. ती बोलणारी माणसं या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुतारानं मान खाली घातली, किंचित हसला आणि म्हणाला, “घरातले सगळे जेवले, सगळे निजले.”

त्या भाषेत ‘मी सुखी आहे’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर माणूस शेफारला असं वाटतं. आपल्या माणसांचं बरं चाललंय एवढंच सांगायचं. त्यातच आपलं आलं. बाहेर रांग लागली होती. बाई म्हणाल्या, “हो म्हणतायत.”

डॉक्टरांनी कागदावर ‘हो’पुढे खूण केली. सुताराची बायको जाऊन महिना झालेला, डोळ्याला डोळा नाही, म्हणून मुलीनं त्याला आणलं होतं. झोपेच्या गोळ्या घेऊन दोघं गेली.

दुपारी बाईंनी डबा उघडला आणि तसाच झाकला. त्यांची आईही दवाखान्यात वर्षभर हेच सांगत होती, सगळे जेवले, सगळे निजले. पुढे कुणी विचारलं नाही, आणि दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शिवाय हेच वाक्य ती सगळी आवराआवर करून, दिवा मालवताना म्हणायची. आता माझं काम संपलं, या अर्थानं.

बाई तशाच उठल्या, डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या आणि सुतार खरं काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं.

“सुखी म्हणजे सुखी. त्यात काय एवढं?” डॉक्टर वैतागले.

“तुम्ही सुख माणसाच्या छातीत शोधता, डॉक्टर. हे लोक घरात शोधतात. त्यांनी घराचं सांगितलं, स्वतःचं नाही.”

“मग तुम्ही ‘हो’ का म्हणालात?”

बाईंनी कागदावरच्या नंबरावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी फोन लावला. मुलगी कामावर होती. घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

“मी जाते,” बाई म्हणाल्या.

सुताराच्या घराचा जिना त्या धावतच चढल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सुतार चटईवर बसून पटाशीला धार लावत होता. बाईंच्या जिवात जीव आला, पण लगेच त्यांची नजर पलीकडे गेली. भिंतीशी रंधा, करवत, हातोडी ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकावर एकेका भाच्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी.

“हे काय, काका?”

“वाटून टाकतोय. आता कुणाला माझी गरज नाही. सगळ्यांचं छान चाललंय.” आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच बाईंना भीती वाटली.

त्या समोर बसल्या. “काका, घरच्यांचं नाही विचारत मी. तुमचं विचारतेय. मरावंसं वाटतं का?”

पटाशी थांबली. 

“असं कुणी विचारतं का?” तो म्हणाला. मग हळूच, “गोळ्या मोजून ठेवल्यात.”

बाईंनी हात पुढे केला. त्यानं खिशातून पाकीट काढून दिलं. लहान मुलानं चोरलेली वस्तू परत करावी तसं.

संध्याकाळी मुलगी धावत आली, रडली, बापावर चिडली, बाईंवरही चिडली. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. मग बाईंसमोरच त्या कागदावरची खूण खोडली.

चौथ्या दिवशी बाई वॉर्डात गेल्या, तेव्हा सुतारानं तोंड फिरवलं.

“माझी गोष्ट चारचौघांत फोडलीत तुम्ही.”

“फोडली,” बाई म्हणाल्या. “आणि आधी चुकीचं सांगितलंही.”

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं, पण टक लावून.

“उभ्या काय राहिलात? बसा.”

मग तो बायकोविषयी बोलायला लागला. तिच्या घोरण्याविषयी, तिच्या हट्टाविषयी, रिकाम्या उशीविषयी. परिचारिकेनं भेटीची वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं. बाई उठल्या नाहीत.