तुरळक ठिकाणी

मी हवामानाचा अंदाज बोलतोय. हिवाळ्यातल्या एका लहरी आठवड्यासाठी अख्ख्या विभागाला मिळून काढलेला. तोंड वर करून बोलावं असं माझ्याकडून काही घडलेलं नाही, म्हणून हळूच बोलतो.

माझा जन्म हवामान कचेरीत, भांडणातून झाला. धाकट्या बाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "साहेब, डोंगराच्या पायथ्याला पाऊस नक्की आहे. तसं स्पष्ट लिहू या."

"आणि नाही पडला तर? तोंडघशी कोण पडणार? कोरडं लिहा."

चहा येईपर्यंत दोघंही दमले. मग दोघांचाही मान राखणारं वाक्य माझ्या पोटात घातलं: 'हवामान मुख्यतः कोरडे राहील, तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता नाकारता येत नाही.' कचेरीत हे वाक्य फार लाडकं. पाऊस पडो न पडो, ते खोटं ठरत नाही. मीही तेव्हा छाती फुगवली होती.

माझी एक प्रत पायथ्याच्या गावात चौकातल्या फलकावर लागली. तिथली एक वीटभट्टीवाली ती काढून घरी घेऊन गेली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं जन्मभर लोकांच्या घरांसाठी विटा पाडल्या, स्वतः मात्र पत्र्याच्या खोलीत राहिले. या खेपेच्या विटा त्यांच्या स्वतःच्या घराच्या होत्या. अंगणभर मांडलेल्या, कच्च्या, ताडपत्रीखाली. झाकून ठेवल्या तर वाळत नव्हत्या आणि उघड्यावर पावसाचं भय होतं.

तिनं मला मोठ्यानं वाचलं.

"तुरळक म्हणजे आपण का गं?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं. गावाचं नाव शोधत होती बिचारी. मागची बाजू कोरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढा मुलूख पडलाय," ती हसली. "नेमकं आपल्याच डोक्यावर कशाला येईल? काढा ताडपत्री."

दुपारनंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. दोघं ताडपत्री घेऊन धावले, पण वारा ती हातात ठरू देईना. सासूबाई दारातून ओरडत राहिल्या, "अगं, माझ्या भिंती गेल्या गं!" विटांचा पुन्हा चिखल झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी माझ्या मूळ प्रतीपुढे बरोबरची खूण केली. "पाहा, तंतोतंत!" बाईंनी मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती. मी चुकलो नाही, याचीच मला लाज वाटते.

इकडे नवरा मला फाडायला निघाला होता. तिनं हात धरला. "त्याला कशाला बोल लावता? तो कुठं खोटं बोलला? आपणच तुरळक निघालो." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी पत्र्याच्या भोकात बोळा होऊन बसलोय आणि जमेल तेवढा वारा अडवतोय. अंदाज लिहिणाऱ्यांनो, एकदा तोंडघशी पडा हवं तर, पण गावाचं नाव लिहा.

दोघांनी पुन्हा चिखल तुडवून नव्या विटा पाडल्यात. आज नवरा नवा अंदाज घेऊन आला. वाक्य माझंच, फक्त तारीख वेगळी. तिनं तो हातातही घेतला नाही.

"राहू द्या ताडपत्री तशीच," ती म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन पडलंय. ताडपत्रीखाली विटा ओल्याच आहेत.