मामाचा घास

सहावा महिना सरला.

साईराज ताटाकडे झेपावू लागला. वनिताने मऊ वरणभात बोटावर घेतला, तोच तिच्या सासूबाई इंदूबाई कडाडल्या, "उष्टावण झाल्याबिगर अन्न लावायचं नाय! पयला घास मामाचा."

मामा म्हणजे वनिताचा भाऊ जितेश, साजगावला कारखान्यात कामाला. बारशाला त्याला मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहिली आणि तो ताटावरून उठून गेला. आता त्याला बोलवायचं कोणी?

"आमी नाय. गरज आसंल तर येईल," इंदूबाई म्हणाल्या.

"मला कसली गरज?" जितेश फोनवर म्हणाला.

गरज साईराजला होती. त्याला बोलता येत नव्हतं.

सातवा महिना.

पोर रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट मिळे. चहा-बिस्कीट म्हणजे काय अन्न? त्याला उष्टावण लागत नाही!

आठवा. तेच.

नववा. तेच. चहा जरा जास्त.

दहावा.

वाडीवरची जना भाजीची टोपली घेऊन ओटीवर टेकली. "वनिता, पोराचा दंड बग गं. शेवग्याची शेंग बरी!"

"मामा आला नाय अजून."

"आन् बिस्कीट मामानं धाडलं व्हय? त्ये पन पिठाचंच ना? माजी नात सा महिन्यांची झाली, तशी तिला नाचणीची पेज भरवली. तिचा मामा वीटभट्टीवर. पोटाला मामा कळत नाय, बाय!"

इंदूबाई हसल्या. "तुमचं येगळं. आमाला चार लोकांत उठाया-बसाया लागतं."

"बसा की," जना टोपली उचलत म्हणाली. "नातू बसतोय का तुमचा?"

इंदूबाईंचं हसू विझलं. पण घास काही कोणी भरवला नाही. वनितानेही नाही.

अकरावा.

दवाखान्यात सिस्टरने साईराजच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी गुंडाळली. ती लाल रंगावर थांबली, म्हणजे तीव्र कुपोषण. साईराजला तिथेच ठेवून घेतलं.

जितेश धावत आला, चांदीची वाटी घेऊन. इंदूबाईंनी खाटेपाशीच त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. इतकं सोपं होतं ते!

मामाने खिरीचा चमचा ओठांना लावला. साईराजने तोंड उघडलं नाही. थोडी आत गेली, ती जिभेने बाहेर ढकलली.

"घे रं राजा," जितेश चमचा पुन्हा ओठांना लावत म्हणाला.

इंदूबाईंनी वाटी बाजूला सारली. "मान नगं, काय नगं! वनिता, तूच भरव. म्या पापिणीनं अडवलं गं तुला!"

वनिताने बोटाने मऊ भात लावला. बाहेर आला. पुन्हा लावला.

बारावा.

सगळं भरून निघेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. साईराज अजून बसत नाही. वनिता भरवते तेव्हा इंदूबाई त्याच्या पाठीला हात लावून ठेवतात, तो बसल्यासारखा दिसावा म्हणून.

वाचकहो, सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेली भाजी बाळाच्या तोंडी लागलीच पाहिजे. चहा-बिस्कीट हे जेवण नव्हे. रुसलेला मामा वर्षाने आला तरी मामाच असतो. बाळाचा सातवा महिना परत येत नाही.