पिवळं पाणी, लाल पाणी

हाळवणे गावच्या देवळापुढं ही गर्दी उसळली होती! करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. चंदगडला खाट मिळत नव्हती, एका दुचाकीवर दोघं दिसले की पोलीस दंडुका उगारत होते. इथं मात्र बायाबापड्या एकमेकींच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून, टाचा उंचावून बघत होत्या. समोर चमत्कार चालला होता ना!

पाटावर जोतीरामबुवा बसले होते. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, गालात तंबाखूचा बार. एका बाजूला हळदीच्या पाण्यानं भरलेली घागर, दुसऱ्या बाजूला पळसाच्या द्रोणांची चळत. माणूस पुढं आला की बुवा द्रोणात पिवळं पाणी ओतायचे, त्याचं बोट आपल्या चिमटीत धरायचे आणि डोळे मिटून चिमटीसकट पाण्यात बुडवायचे. पाणी पिवळं राहिलं तर माणूस निर्मळ. पण कुणाकुणाचं पाणी बघता बघता कुंकवासारखं लाल व्हायचं, आणि बुवा गरजायचे, "मरीआई! हिच्या अंगात मरीआई बसलीया. लांब व्हा!"

गर्दी फाटायची. लाल ठरलेला माणूस मान खाली घालून एकटाच चालू लागायचा.

"तुमचा त्यो सरकारी रिपोर्ट नाकात काडी घालतोय आनि दोन दिसानं सांगतोय," बुवा हात नाचवत म्हणायचे. "माजं पाणी हितल्या हितं सांगतंय! काडी चुकंल, मशीन चुकंल, डाक्टर तर रोजच चुकतोय. हळद चुकायची न्हाय!"

"व्हय की!" माणसं माना डोलवायची.

देवळाच्या पायरीपाशी संयोगिता उभी होती. माहेरची मुरगूडची, इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद पडल्यापासून सरकारनं तिच्या एका हातात ताप मोजायची बंदूक आणि दुसऱ्या हातात बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र दिलं होतं. घर न् घर हिंडून गावातला रोग कसा चालतो ते तिनं जवळून पाहिलं होतं. बाजारपेठेच्या गल्लीत तो वणव्यासारखा पसरला. बेळगावहून लग्नाचं वऱ्हाड परतलं, डेअरीच्या रांगेत सकाळ-संध्याकाळ माणसं खेटून उभी राहिली आणि एकही घर सुटलं नाही. एका घरातनं तर बाप आणि थोरला भाऊ एकाच आठवड्यात गेले. मळ्यांतल्या सुट्या घरांत मात्र तुरळकच आजारी. आणि डोंगरावरच्या धनगरवाड्यात एकही नाही.

यामागं काय होतं, ते संयोगिताला ठाऊक होतं. वाड्यावर एसटी जात नव्हती. गावातल्या लग्नाचं बोलावणं जात नव्हतं. धनगरांनी दुधाच्या किटल्या वळणावर ठेवून मागं सरायचं आणि मग गाडीवाल्यानं त्या उचलायच्या, ही रीत करोनाच्या आधीची. हॉटेलात त्यांचे कपसुद्धा बाहेरच्या कोनाड्यात. गावानं ज्यांना पिढ्यान् पिढ्या लांब ठेवलं, त्यांच्यापर्यंत रोगही पोचला नव्हता. एवढीच त्यातली जादू.

बुवांकडं वेगळा हिशेब होता. "शिमग्यात मी वाड्याभवती मंतरलेला दोरा फिरवलाय. त्याच्या आत मरीआई पाऊल टाकत न्हाय. जगायचं असंल तर वर चला. पर ज्याचं पाणी पिवळं त्योच येनार!"

ज्या वाड्याचं पाणी गावाला चालत नव्हतं, तिथं राहायला जायची आता अख्ख्या गावाला घाई झाली. सगळ्यांत आधी सरपंच हंबीररावांना.

त्यांनी लेकाला, राजवीरला, पुढं ढकललं. पोरगं पंचविशीचं, बेळगावच्या वऱ्हाडात नाचून आलेलं. डोळे लाल, ओठ सुकलेले. संयोगितानं चटकन त्याच्या बोटाला यंत्र लावलं.

"एक्क्याण्णव! अंगही भाजतंय. सरपंच, याला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. वर नेऊ नका, वरची माणसं मरतील अशानं."

"बाई, उनातनं आलाय त्यो. दमलाय," हंबीरराव म्हणाले. "बुवा, तुमी बगा."

बुवांनी राजवीरचं बोट धरलं. पाणी पिवळंच राहिलं. गर्दीनं जयजयकार केला.

मग धनगरवाड्यातल्यांची पाळी. बुवांनी त्यांनाही खाली बोलावलं होतं. पिराजी आपल्या आईला, बायडाबाईला, हाताला धरून घेऊन आला. म्हातारीला जुना दमा. चढण उतरून आली होती, खोकत होती. बुवांनी तिचं बोट धरलं आणि पाणी लाल झालं.

संयोगितानं यंत्र लावून दाखवलं. "सत्त्याण्णव आहे, ताप नाही. हा दम्याचा खोकला आहे, गावाला माहीत आहे."

"मशीनला आत्मा असतोय व्हय?" बुवा हसले. गावही हसलं. "पिराजी, म्हातारी वाड्यात ऱ्हायली तर माजा दोरा तुटनार. मग तुजी पोरं गेली तर मला इचारू नगंस."

वाड्यात एकच घर पक्क्या भिंतींचं, घरकुलातनं बांधलेलं, आणि ते पिराजीचं. सरपंचांचा डोळा त्याच घरावर होता. म्हातारीची खोली रिकामी झाली की त्यांची सोय होत होती. संयोगिता हे मोठ्यानं बोलली. कुणी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही.

पिराजी हात जोडून आईपुढं उभा राहिला. "आये, पोरांसाठनं..."

"जातो की," म्हातारी म्हणाली. "कुटं जाऊ तेवढं सांग."

ओढ्यापलीकडं शेळ्यांचा जुना, मोडका गोठा होता. पिराजीनं तिला घोंगडं, पाण्याचा तांब्या आणि एक दुभती शेळी देऊन तिथं सोडलं. रोज सकाळी दगडावर भाकरी ठेवायची आणि हाक मारून परत फिरायचं, असं ठरलं. आणि त्याच दिवशी गावातली सात-आठ कुटुंबं गाद्या, गॅसच्या शेगड्या, टीव्ही घेऊन धनगरवाड्यात शिरली.

संयोगितानं आरोग्य केंद्रात फोन केला. "माझ्याकडं दोन नर्स, त्यातली एक आजारी," डॉक्टर म्हणाले. "गर्दी मोडायला पोलीस लागतील." पोलिसांनी सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणाले, इथं सगळं शांत आहे.

मग वाडा खोकू लागला. आधी पिराजीची बायको, मग तो स्वतः, मग शेजारची दोन म्हातारी माणसं. संयोगिता यंत्र घेऊन वर गेली तर लोकांनी वाटेवरच अडवलं. बुवांनी पुन्हा द्रोण मांडले होते, आणि आता पाणी लाल होत होतं ते फक्त धनगरांचं. दोरा फिरवलेल्या वाड्यात रोग आला कसा, हे कुणी विचारलं नाही. बुवांनी आधीच सांगून टाकलं होतं: "म्हातारीच्या पापानं दोरा नासला." ज्यांच्या घरात पाहुणे म्हणून शिरले, त्यांनाच पाहुणे एकेक करून बाहेर काढत होते. तापानं फणफणलेली माणसं करवंदीच्या जाळीखाली पडून होती.

त्या संध्याकाळी संयोगिता दारात साडी धूत बसली होती. देवळापुढच्या गर्दीत पदरावर हळदीचं पाणी सांडलं होतं. तिनं डागावर साबण घासला आणि डाग लालभडक झाला. हे तिनं आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? साबणानं होतं, सोड्यानं होतं, चुन्यानं होतं. चुना! बुवांच्या गालातला तंबाखूचा बार तिच्या डोळ्यांपुढं आला. तंबाखूवाल्याच्या डबीत चुना असायचाच. आणि आणखी एक आठवलं. राजवीरचं बोट बुवांनी उजव्या हातानं धरलं होतं, बायडाबाईचं डाव्या.

सकाळी ती धनगरवाड्याच्या माळावर पोचली, ती हातात नारळ घेऊन. बुवांना वाटलं, बाई शरण आल्या.

"बुवा, आमच्या नारळाचं पाणी बघायचं आहे," ती म्हणाली.

"नारळाचं?"

"त्याला मरीआई झाली आहे का बघूया की. होऊन जाऊ दे."

लोक हसले, पण सरकून जवळ आले. संयोगितानं स्वतःच बुवांच्या घागरीतनं द्रोण भरला, नारळ हातात धरला आणि बोटांसकट त्याचं टोक पाण्यात बुडवलं. पाणी लाल झालं.

"नारळाला करोना झाला," ती म्हणाली. "याला कुठल्या गोठ्यात ठेवू, सरपंच?"

मग तिनं आपला अंगठा सगळ्यांपुढं धरला. त्यावर चुन्याचा पांढरा लेप होता. दुसऱ्या द्रोणात तिनं धुतलेला अंगठा बुडवला, पाणी पिवळं राहिलं. लाल झालेल्या द्रोणात तिनं लिंबू पिळलं, ते परत पिवळं झालं.

"हळदीला चुना लागला की लाल. तुमच्या साडीवरच्या डागाला साबण लागला की लाल. बायांनो, तुम्ही रोज बघताय हे! बुवांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात चुना आहे. ज्याला हाकलायचं त्याला डावा हात, ज्याला ठेवायचं त्याला उजवा. बुवा, आत्ता सगळ्यांपुढं हात धुवा आणि मग माझं पाणी लाल करून दाखवा."

बुवांनी डावा हात बंडीत लपवला. "बाईमानसाचा इटाळ झाला, आता पाणी बोलनार न्हाय."

"हात धुवा की ओ!" कुणीतरी ओरडलं. आणि तेवढ्यात पिराजीच्या पक्क्या घरातनं हंबीररावांच्या बायकोनं हंबरडा फोडला. राजवीर उंबऱ्यातच कोसळला होता, त्याला श्वास घेता येत नव्हता.

हंबीररावांनी लेकाकडं आणि बुवांकडं आळीपाळीनं बघितलं. "बुवा," ते एवढंच म्हणाले, "तुमी पिवळं सांगितलंसा."

बुवा माळ सावरत मागच्या मागं करवंदीच्या जाळीत घुसले.

घोंगड्याची झोळी करून राजवीरला डोंगर उतरवला. दुसऱ्या झोळीत पिराजी होता. खाली गाडी एकच आली होती आणि त्यातला सिलिंडरही एकच. कुणाला आधी न्यायचं यावर बोलणं झालंच नाही. राजवीरला आत घेतलं, पिराजीला सावलीत ठेवलं. राजवीरनं गडहिंग्लजच्या अलीकडंच जीव सोडला. पिराजी दुसरी गाडी येईपर्यंत टिकला नाही. वाड्यातली आणखी चार माणसं त्या पंधरवड्यात गेली. गावातले दोन.

जोतीरामबुवा पुढच्या आठवड्यात सापडले, तालुक्याच्या कोविड सेंटरात. तोंडाला सरकारी मास्क, नाकात प्राणवायूची नळी. नाकात काडी घालून घेतली होती, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस कळ काढली होती. बरे झाल्यावर पोलीस त्यांना तिथूनच घेऊन गेले.

पिराजी गेला तेव्हा बायडाबाईला सांगायला कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संयोगिता ओढा ओलांडून गेली तेव्हा म्हातारी शेळीचं दूध तांब्यात काढत होती. खोकला होता तसाच होता, बाकी ती ठणठणीत.

"चार दिस झालं, दगडावर भाकरी न्हाय," ती म्हणाली. "पिराजी रागावला का काय माज्यावर?"

संयोगितानं सांगितलं. म्हातारीनं तांब्या खाली ठेवला.

"त्येनं मला हितं सोडलं, आनि त्योच गेला?"

"हो."

"पोरं?"

"पोरं बरी आहेत. सूनही सावरतेय."

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. तिनं फक्त शेळीला सोडून दिलं.

लाट ओसरली आणि गाव पुन्हा गाव झालं. एका मंगळवारी संयोगिता म्हातारीसाठी दम्याच्या गोळ्या घेऊन गेली तर गोठ्यापुढं बायकांची रांग. हातात खण, हळदकुंकू, तांदळाच्या ओट्या. सगळ्यांत पुढं हंबीररावांची बायको. अख्खा वाडा खोकला, पण म्हातारीला साधा ताप आला नाही, म्हणजे मरीआईनं तिच्या अंगातच ठाणं मांडलंय, असं गल्लीत ठरलं होतं. एकजण वाकून म्हातारीच्या पायाला हात लावत होती.

"अगं बायांनो," संयोगिता कळवळून म्हणाली, "रोग श्वासातनं पसरतो. जिथं माणसं खेटून राहिली तिथं गेला. या गोठ्यात कुणी फिरकलंच नाही, म्हणून इथं आला नाही. यात कसली देवी? जरा डोकं चालवा! अजून किती माणसं घालवणार आहात?"

"तसं न्हवं बाई," हंबीररावांची बायको म्हणाली, "देव असल्याबिगर का कोन वाचतंय?"

बायडाबाईनं पाय आखडून घेतले. मांडीवरचा खण उचलून तिनं तो त्या बाईच्या हातात परत ठेवला.

"देव न्हवता हितं," ती म्हणाली. "तुमी न्हवतासा."