बागलीची दुसरी वाट

टेलिफोन कंपनीच्या देवासच्या कचेरीत सकाळीच गजर वाजला. सोनकच्छकडची तार तुटली होती. उदाजीरावांनी सगळ्यांत आधी बागलीला बहिणीच्या घरी फोन लावला. अक्का महिनाभर अंथरुणाला खिळून होती. तिचं काही बरंवाईट झालं तर निरोप याच तारेवरून यायचा. मोबाइल अजून बागलीत पोचला नव्हता.

भाचा अर्पित बोलला. "आवाज एकदम साफ आहे, मामा. आई झोपलीय."

हाताखालचा पियूष त्यांना माळवी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणे. तो हसला. "भिया, उगाच घाबरता. रिंग आहे ना आपली!"

ते खरंच होतं. देवासहून निघालेली काचेची तार सोनकच्छवरून बागलीला जाई आणि हाटपिपल्यावरून देवासला परत येई. एक बाजू तुटली की यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी बोलणी दुसऱ्या बाजूनं वळवी. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नसे. पूर्वी तार तुटली की गावंच्या गावं ओरडत. आता कुणी ओरडत नसे, म्हणून कुणी घाईही करत नसे.

"जोडणीवाले उद्या जातील," पियूष म्हणाला. "आज सगळे ठेकेदार विश्वासरावांकडच्या लग्नात आहेत." त्यानं गजर बंद केला. उदाजीरावांनी मान डोलावली.

दुपारी हाटपिपल्याजवळ रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं दुसरी बाजूही उखडली. बागली मुकी झाली.

जोडणीवाल्यांना मांडवातून उठवून उदाजीराव स्वतः सोनकच्छला गेले. ऊन उतरता उतरता तार जुळली. तिथल्या कचेरीतून त्यांनी बागलीचा नंबर फिरवला.

"मामा, कितनी बार लगाया!" अर्पितचा आवाज फुटला. "आई गेली. दुपारीच. बाबा म्हणतात, माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलायचं नाही. तुम्हाला कसं सांगायचं, काहीच कळेना."

"मला आत्ताच कळतंय रे. आता निघतो."

बाजारातून हिरवं लुगडं घेऊन ते गाडीत बसले. जोडणीवाला हात पुसत म्हणाला, "साहेब, फोन तर चालू झाले. दुसरी जोडणी उद्या करू?"

उदाजीरावांनी लुगडं मांडीवर नीट ठेवलं.

"आजच. हाटपिपल्या वाटेतच आहे. तुम्हाला तिथं उतरवतो आणि पुढं जातो."

मग खाली उतरून त्यांनी पुन्हा कचेरीत जाऊन पियूषला फोन लावला.

"गजर चालू कर. दोन्ही बाजू जुळेपर्यंत वाजू दे."