दहावा प्रश्न

“दहावा प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही,” नागपूरच्या प्रशिक्षणात शैलजा मॅडमनी तिला दोनदा बजावलं होतं. मंजुश्री हसली होती. “मॅडम, आमच्याकडे सासूला बाहेर बसवलं की सूनही हाती लागत नाही.”

आता गावच्या आशा कार्यकर्त्या सिंधूताई तिच्याच पलंगासमोर बसून तिच्याच प्रश्नावलीची घडी उलगडत होत्या. आपलं अडीच महिन्यांचं बाळ मंजुश्रीनं सासूच्या, जनकाबाईंच्या मांडीवर दिलं आणि ती लांब, दाराशी जाऊन बसली. चार दिवसांपासून गच्चीला कुलूप होतं. वानरं येतात असं सांगून तिनंच लावलं होतं, आणि किल्ली सासूच्या उशीखाली ठेवली होती.

मानसशास्त्रात एम.ए., मग दोन वर्षं मनोरुग्णालयाच्या वॉर्डात शिक्षण. तिथं तिचा जीव जडला तो बाळंतिणींच्या कामावर. सासरी, संग्रामपूरला आल्यावर तिनं बाळंतिणीच्या मनाची उदासी ओळखणारे हे दहा प्रश्न वऱ्हाडीत उतरवले, गावोगावच्या आशाताईंना शिकवले. कागदाच्या माथ्यावर तिच्याच अक्षरात सूचना होती: सासूला सोबत बसवावे. घराचा विश्वास राहतो.

“मॅडम, तुमाले काय विचारू? तुमीच तं शिकवलं आमाले,” सिंधूताई संकोचून हसल्या. “पण नोंद लागते.”

“विचारा.”

“पह्यलेसारखं हासू येते का?”

“येते ना,” जनकाबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. “सकाळीच हासली.”

“झोप लागते?”

“हे पोट्टं लागू देईन तवा! माह्या टायमाले मी तं उभ्यानंच झोपो.”

दोघी खळखळून हसल्या. मंजुश्रीही हसली. नऊ प्रश्न असेच गेले. दहाव्याला सिंधूताईंचा आवाज खाली आला.

“सोताच्या जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येते का?”

मंजुश्रीनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली. सोडली. तिचे ओठ उघडले.

“काऊन व असं इचारतं, सिंधू?” जनकाबाईंनी मान ताठ केली. “एकोनीस वर्सं शिकली माही सून. लोकायचे डोक्शे ठिकाणावर आणते ते. तिले काय होते?”

त्यांच्या आवाजात नुसता अभिमान होता. गावभर मिरवलेला. मंजुश्रीनं उघडलेले ओठ मिटले.

“बरोबर हाये ना, मॅडम?”

“हो,” ती म्हणाली. “नाही लिहा.”

सिंधूताईंनी रकान्यात शून्य लिहिलं, नेमकं, जसं तिनं शिकवलं होतं तसं. चपला घालून त्या पुढच्या घरी गेल्या.

तुम्ही कधी संग्रामपूरला गेलात, तर बाजारामागच्या गल्लीत मंजुश्री मॅडमचं घर विचारा. कुणीही दाखवील. जनकाबाईंना चहा टाकायला सांगा. त्या आत गेल्या की दहावा प्रश्न तिला पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा. उशीखाली गच्चीची किल्ली आहे का, तेही बघा. पण फार दिवस लावू नका.