चॅपलच्या दारावरचा कागद

आमच्या सां-ओब्रे गावातल्या छोट्या चॅपलच्या दारावर एक कागद असायचा. वर मोठ्या अक्षरांत ‘चावी’. त्याखाली नाव. त्याखाली ‘समोरचे घर, निळ्या झडपा’. नावे तीन होती आणि त्यांतली दोन खोडलेली. पहिले म्हाताऱ्या पियारबाईंचे, दुसरे माझ्या बायकोचे, लुसेतचे. तिसरे माझे, रोलां तिसिए. चावी सांभाळणारा मेला की त्याच्या नावावर काट मारायची आणि खाली पुढचे नाव लिहायचे, ही आमच्याकडची रीत. लुसेतच्या नावावर काट मी स्वतः मारली, दफनाच्या दुसऱ्या दिवशी. कारण सकाळीच एक सायकलवाले जोडपे दारात येऊन विचारू लागले, मादाम लुसेत आहेत का? तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली, खालच्या पाण्यातल्या बोटी वरच्या पाण्यात चढवण्यात. दरवाजे लावायचे, पाणी चढवायचे, दरवाजे उघडायचे, बोट पुढे सोडायची. तोवर बोटवाल्यांना थांबावेच लागे, आणि थांबलेला माणूस बोलतो. निवृत्त झाल्यावर ते बोलणे बंद झाले. नंतर लुसेत गेली. मुलगी कॅनडात, नाताळला फोन करते. उरली ती चावी. ईस्टरपासून नोव्हेंबरपर्यंत कालव्याकाठच्या वाटेने सायकलवाले येत, चालणारे येत, आणि चॅपलमधले भिंतीवरचे जुने चित्र बघायला चावी मागत. म्हणजे एक माणूस माझे दार दोनदा वाजवत असे, एकदा घ्यायला आणि एकदा परत द्यायला. दिवसाला तिघे आले तर सहा वेळा. मला तेवढे पुरत होते.

चित्रात तीन तरणेबांड सरदार घोड्यांवरून शिकारीला निघालेत, आणि वाटेत त्यांना तीन मेलेली माणसे भेटतात, हाडांचे सापळे. सगळे तेच बघत बसतात. चावी परत द्यायला आले की मी विचारायचो, “कुत्रे किती?”

“दोन,” असे उत्तर यायचे.

“जा परत. नीट बघा.”

तिसरा कुत्रा पांढऱ्या घोड्याच्या पायांमागे आहे, रंग उडालाय, पण कान दिसतो. ही युक्ती लुसेतची. बेल्जियमचा एक डॉक्टर माझ्यावर असा भडकला की काय सांगू, पण गेला परत. तीन म्हणून आला की मग घरात बोलावून कॉफी. तो डॉक्टर दोन कप प्यायला.

गेल्या मार्चमध्ये नगरपालिकेतली नादेज आली. कचेरीचे सगळे काम ती एकटी बघते. हातात फाइल, चेहऱ्यावर गोड बातमी आणल्याचा आव.

“मस्यू तिसिए, आता तुमची कटकट संपली बघा! चॅपलला आपोआप उघडणारं कुलूप बसवतोय. सकाळी नऊला उघडणार, सहाला बंद. आत बटण दाबलं की चित्राची सगळी माहिती ऐकू येणार. चार भाषांत!”

“माझी कटकट आहे असं कोण म्हणालं तुला?”

“अहो, या वयात किती वेळा उठायचं? मेयर म्हणाले, तिसिएंना आराम द्या.”

“आराम मला चॅपलच्या मागच्या अंगणात भरपूर मिळणार आहे, पोरी. लुसेतशेजारी जागा राखून ठेवलीय.”

ती हसली. मीही हसलो आणि चावी देऊन टाकली. भांडायला हवे होते, हे मला ती फाटकाबाहेर पडल्यावर सुचले. पण भांडून म्हणायचे काय? मला माणसे भेटत नाहीत, म्हणून चॅपल बंद ठेवा? असे तोंडाने कसे म्हणणार? त्याच दिवशी तिने दारावरचा कागद काढून नेला.

त्या उन्हाळ्यात माझे दार फक्त पोस्टमनने वाजवले, तेही दोनदा. मी खिडकीशी बसून बघायचो. सायकली भिंतीला टेकायच्या, लोक आत जायचे, पाच मिनिटांत बाहेर. पाच मिनिटांत तिसरा कुत्रा कुणाला दिसतो? एकदा मी स्वतः जाऊन बटण दाबून आलो. बाई छान बोलते. कुत्र्यांबद्दल एक शब्द नाही. जुलैत मी दोन कप बाहेर ठेवणे बंद केले. ऑगस्टमध्ये एक अख्खा आठवडा मी कुणाशीच बोललो नाही, हे मला रविवारी बेकरीत पाव मागताना कळले, कारण घशातून आवाजच फुटेना.

पण सप्टेंबरची मी वाट बघत होतो. सप्टेंबरात आर्लेत यायची. ओसेरची निवृत्त टपालवाली, दरवर्षी कालव्याकाठाने एकटी चालत येणारी. अकरा वर्षे झाली. पहिल्या वर्षी तिला मी तीनदा परत पाठवले होते आणि तिने मला गाढव म्हटले होते. ती तरी दार वाजवणार, चावी असो नसो, अशी माझी खात्री होती.

ती आली, दुपारी तीनच्या सुमारास. पाठीवर पिशवी, दोन काठ्या, चाल जरा मंदावलेली. मी कॉफी चढवली. ती चॅपलच्या दारापाशी थांबली, कागद असायचा तिथे तिने हात लावला, माझ्या घराकडे बघितले. मग आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि माझ्याकडे न येता चॅपलमागे वळली, दफनभूमीकडे.

मी मागच्या खिडकीत गेलो. कुंपणातली रानफुले खुडून ती थडग्यांमधून फिरत होती, एकेका दगडावर वाकून वाचत. लुसेतच्या दगडापाशी थांबली. तो दगड आम्ही दोघांचा मिळून केलाय. कारागीर एकदाच यावा म्हणून माझे नाव तेव्हाच कोरून घेतले, जन्मसालासकट. पुढची जागा कोरी आहे. आर्लेतने वाचले, फुले ठेवली आणि रुमाल काढला.

घरातल्या चपला न बदलता मी धावलो. धावलो म्हणजे आपले माझ्या परीने.

“मादाम आर्लेत! दगड माझाच आहे, पण मी अजून राहायला गेलेलो नाही!”

तिने मागे वळून बघितले आणि मटकन शेजारच्या थडग्यावर बसली. “गाढव!” ती म्हणाली. “अहो, जीव गेला असता माझा! कागद नाही दारावर. मला वाटलं, गेलात तुम्ही.”

“पुढचं साल कोरलेलं नाही, दिसत नाही?”

“चष्मा पिशवीत आहे. आणि नाव वाचल्यावर साल कोण बघतं?” तिने डोळे पुसले. “तीन. आधीच सांगते. तीन कुत्रे.”

कॉफी उतू गेली होती, दुसरी केली. ती तासभर बसली. म्हणाली, खालच्या गावातल्या खानावळीतली बाईसुद्धा विचारत होती, तो कुत्रे मोजायला लावणारा म्हातारा कधी वारला म्हणून. म्हणजे सगळ्या वाटेवर मी मेलेलो होतो आणि मला कुणी सांगितलेही नव्हते. मग निघताना, काठ्या हातात घेत ती म्हणाली, “पुढच्या वर्षी माझं जमायचं नाही हो. गुडघे बदलायचेत, दोन्ही. डॉक्टर म्हणतो, कालवा विसरा.”

मी म्हटले, बरे. दुसरे काय म्हणणार होतो? कालव्याच्या वळणापर्यंत ती दिसत होती. घरात आलो, तिचा कप धुवायला घेतला आणि रडू आले. लुसेतनंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला मी नादेजच्या टेबलासमोर उभा होतो.

“तो कागद कुठाय?”

“कोणता? चॅपलचा? फाइलमध्ये ठेवलाय, जुना आहे ना. अहो, पण चावीचं काम आता संपलं, मस्यू तिसिए.”

“चावी नकोय मला. पेन दे.”

तिने कागद पुढे ठेवला. पियारबाईंचे नाव, काट. लुसेतचे नाव, माझ्या हाताची काट, थोडी वाकडी. खाली माझे. नादेज माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी पेन टेकवले तशी घाबरून म्हणाली, “अहो, स्वतःचं नाव काय खोडताय?”

मी वरचा ‘चावी’ हा शब्द खोडला. बाकी सगळे तसेच ठेवले, ‘रोलां तिसिए, समोरचे घर, निळ्या झडपा’, आणि कागद पुन्हा दारावर लावायला चार टाचण्या मागून घेतल्या.