बरणीतली बारा वर्षं

मी एक जुना माणूसमासा आहे. खरं तर मासा नाही आणि माणूस तर मुळीच नाही. बेडकाचा दूरचा नातेवाईक. पण आमच्या स्लोव्हेनियातल्या लोकांना माझी गुलाबी कातडी आपल्यासारखी वाटली आणि त्यांनी हे नाव ठेवलं. गुहेतल्या अंधाऱ्या पाण्यात माझं घर आहे. मला दिसत नाही, पण ऐकू उत्तम येतं.

पुराबरोबर आमचे पूर्वज झऱ्यातून बाहेर पडत, तेव्हा लोक त्यांना ड्रॅगनची पिल्लं समजत. मित्रांनो, तो आमच्या मानमरातबाचा काळ. मग शास्त्रज्ञ आले. त्यांनी आम्हाला लॅटिन नाव दिलं आणि स्पिरिटमध्ये बुडवून देशोदेशी पाठवलं. पुढे कितीतरी वर्षं, हा प्रौढ प्राणी आहे की कुणाचं तरी पिल्लू, यावर वाद चालला. आम्हाला उजेडात ठेवलं, तर आम्ही काळवंडलो. त्यावरही लेख निघाले.

मी स्वतः एका वसंतातल्या पुरात येरित्साबाईंच्या झऱ्यावर आलो. आमच्या गावची रीत अशी, की ज्या घराला माणूसमासा सापडला त्यानंच तो परत झऱ्यात सोडायचा. नाहीतर झरा रुसतो. तेवढ्यात डॉक्टर विदित्स शहरातून बरणी घेऊन हजर झाले.

"वर्षभरात परत आणतो, बाई. विज्ञानासाठी."

"विसराल."

"मी? शक्यच नाही."

त्यांनी माझी बरणी प्रयोगशाळेच्या थंड खोलीत, सर्वांत खालच्या फळीवर ठेवली आणि विसरले.

त्याच वर्षी झऱ्याच्या वरच्या उतारावर गावातल्या मातेव्झनं डुकरांचा मोठा गोठा बांधला. तिसऱ्या वर्षी झऱ्याला वास येऊ लागला. सर्वांत मोठा आवाज मातेव्झचाच.

"मासा शहरात धाडलास ना, येरित्सा? रुसला झरा. आता भोगा सगळ्यांनी!"

गाव तिच्याशी तुटक वागू लागलं. ती दर ईस्टरला डॉक्टरांना पत्र लिहून माझी चौकशी करी. डॉक्टर थंड खोलीचं दार न उघडताच उत्तर धाडत, 'प्रगती समाधानकारक.'

बाराव्या वर्षी ती स्वतःच येऊन धडकली. खोक्यांमागून बरणी निघाली. मी शेपूट हलवलं.

"अरेच्चा, जिवंत आहे!" डॉक्टर ओरडले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बाई, बारा वर्षं अन्नाशिवाय! हा केवढा मोठा प्रयोग..."

"प्रयोग कसला? विसरलात तुम्ही. चला, गाडी काढा."

(लेख पुढे निघालाच. त्यात मला 'नियोजित उपासमारी'चं श्रेय दिलं आहे.)

झऱ्यावर गाव जमलं होतं. येरित्साबाईंनी बरणीचं झाकण काढलं आणि सवयीनं आधी हात झऱ्यात बुडवला. त्या हातावरून एक थेंब माझ्या पाण्यात पडला. मित्रांनो, माझे कल्ले जळले. मी बरणीच्या तळाशी वेटोळं करून बसलो. तिनं ते पाहिलं.

"सोड की आता," मातेव्झ म्हणाला. "झऱ्याचा रुसवा जाईल."

तिनं ओंजळ भरून त्याच्यापुढे धरली. "आधी तू पी."

"मी? मला... तहान नाही."

"बारा वर्षं मी शिव्या खाल्ल्या, मातेव्झ. एक घोट पी."

मातेव्झनं वर, आपल्या गोठ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या गावानं पाहिलं. डॉक्टरांनी खिशातून बाटली काढली आणि झऱ्याचं पाणी भरून घेतलं. तीनशे वर्षांत आमची कातडी, डोळे, भूक सगळं तपासून झालं होतं. आमचं पाणी तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सध्या मी येरित्साबाईंच्या तळघरात, दगडी कुंडात आहे. माझ्यासाठी पाणी पलीकडच्या डोंगरातून येतं. मातेव्झ गोठ्याच्या घाणीचा खड्डा झऱ्यापासून दूर हलवतो आहे, सावकाश, कुरकुरत. तोवर त्या झऱ्याकडे जरा लक्ष ठेवा, मित्रांनो. माझ्यासाठी नको. मी बारा वर्षं उपाशी राहून दाखवलं आहे. तुम्हाला तहान रोज लागते.